घर धानोऱ्याला, बिऱ्हाड सुरतेला

नंदुरबार तालुक्यातलं धानोरा गुजरातच्या हद्दीजवळचं गाव. या पट्ट्यातल्या माणसाला मुंबई लांब आणि सुरत हाकेच्या अंतरावर. नंदुरबारला गाडीत बसलं की नवापूर, व्यारा, बारडोली करत तापी खोऱ्यातली रेल्वे उधन्याला नेऊन सोडते. नवापूरच्या फलाटावर तर दोन राज्यांची हद्द स्टेशनाच्या मधूनच जाते. कामासाठी निघालेल्या कुटुंबाला त्या हद्दीचं फारसं काही वाटत नाही. सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत अहिराणी कानावर पडतेच. तिथे गेल्यावर प्रश्न एवढाच असतो, की रात्री पाठ कुठे टेकायची?

गावात घर असतं, हे आधी सांगायला हवं. २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये मिळत आले. आदिवासी कुटुंबांसाठी राज्याची शबरी घरकुल योजना आहे. २६९ चौरस फुटांचं विटांचं घर, वर पत्रे किंवा स्लॅब, दारावर योजनेचं नाव रंगवलेलं. नंदुरबार जिल्ह्यात दहापैकी जवळपास सात माणसं आदिवासी, त्यामुळे अशी घरकुलं गावोगाव दिसतात. दिवाळी उलटली की त्यातल्या अनेकांना कुलूप लागतं. घरी उरलीच तर म्हातारी माणसं, कोंबड्या आणि शाळेसाठी मागे ठेवलेलं एखादं पोर.

बाकीचे उसाला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, ती फेडायला दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या हद्दीत ऊस तोडायचा. तिथल्या मुक्कामाला पडाव म्हणतात. मोकळ्या शेतात ओळीने बांबूच्या चटयांची खोपटी, वरून काळं प्लास्टिक. आत शिरायचं तर कमरेत वाकावं लागतं आणि आत गेल्यावर उभं राहता येत नाही. चूल बाहेर. पाणी कुठून आणायचं ते त्या वर्षीच्या जागेवर ठरतं. जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोलीच्या कारखान्यांवर येणाऱ्या तोडकऱ्यांच्या हालांवर १९७०च्या दशकाच्या अखेरीस लिहिलं, तेव्हाच खानदेशातून आलेले हे मजूर त्याला तिथे भेटले होते. कारखाने सहकारी, सभासदांना उसाचा चांगला भाव देणारे, पण तोडणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर घालणं हा खर्च त्यांच्या हिशोबात कधी धरलेलाच नव्हता.

म्हणजे सरकारच्या वहीत या कुटुंबाचा घराचा प्रश्न सुटलेला आहे. लाभार्थी यादीत नाव आलं, हप्ते मिळाले, घराचा फोटो अपलोड झाला. वर्षातले निम्मे महिने ते ज्या ठिकाणी राहतं, तिथलं मात्र कुठेच काही नोंदलेलं नाही.

या माणसाला दुसरं मालकीचं घर नको असतं. त्याला हवी असते भाड्याची खोली. स्वच्छ, पाण्याची, मजुरीला झेपणाऱ्या भाड्याची आणि कोणी अचानक बाहेर काढणार नाही अशी. अशी खोली बाजार देत नाही आणि सरकारने फुकट द्यावी म्हटलं तर तिजोरी पुरत नाही. या दोन टोकांच्या मधली एक वाट जगात बऱ्याच ठिकाणी वापरली जाते. इमारत बांधायला, कर्ज फेडायला आणि ती नीट ठेवायला जेवढा खर्च येतो तेवढंच भाडं घ्यायचं. नफा नाही, तोटाही नाही. आजूबाजूला भाव काय चाललाय याच्याशी त्या भाड्याचा संबंध नाही. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराने १९२३ साली घरांवर खास कर बसवून त्या पैशातून भाड्याच्या वसाहती बांधायला घेतल्या आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत ६० हजारांवर घरं उभी केली. मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या तिथल्या गृहसंस्था आजही खर्चाच्या हिशोबाने भाडं लावतात. आयर्लंडने तर २०२१ साली असा कायदाच केला आणि हे भाडं बाजारापेक्षा निदान २५ टक्के कमी असावं असं उद्दिष्ट ठेवलं.

महाराष्ट्राला हा प्रयोग नवा नाही. उलट व्हिएन्नाच्या आधी तो मुंबईने करून पाहिला आणि हात पोळून घेतले.

प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्याने चाळी बांधल्या. मोठी उडी मारली ती गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांनी. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे बीडीडी, हे खातं काढलं आणि ६२५ चाळींत ५० हजार खोल्या बांधण्याचा बेत जाहीर केला. पैसा कर्जाचा, शिवाय मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर. ज्यांच्या गिरण्यांना मजूर हवेत त्यांच्याच मालावर मजुरांच्या घरांसाठी पट्टी, ही कल्पना आजही दाद द्यावी अशी आहे. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला मिळून २०७ चाळी झाल्या, खोल्या सुमारे साडेसोळा हजार, प्रत्येक साधारण १६० चौरस फुटांची. बांधकाम सुरू झालं तेव्हा महायुद्धानंतरची महागाई होती, सिमेंट-पोलाद महाग, व्याज महाग. खर्च वसूल होईल असं भाडं काढलं तर ते गिरणी कामगाराच्या पगारात बसेना. सरकारने भाडं उतरवलं. तरी वरळीच्या खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, कारण वरळी तेव्हा गावाबाहेर होतं. कामाची जागा लांब, बाजार नाही, दिवाबत्तीची बोंब. सविनय कायदेभंगाच्या काळात त्याच चाळी सत्याग्रहींना डांबायला तुरुंग म्हणून उपयोगी पडल्या.

पुढे गर्दी एवढी वाढली की खोली रिकामी मिळणं दुर्मीळ झालं, आणि भाडं मात्र गोठलं. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांचं भाडं १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून टाकलं. युद्धकाळातल्या नफेखोरीवर तो उपाय होता, पण तो पन्नास वर्षं तसाच राहिला. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचं सांगितलं. मग १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढीची सोय झाली. तोवर मालकांनी दुरुस्ती सोडली होती, भाड्याने द्यायला कोणी इमारत बांधत नव्हतं आणि पागडीचा काळा बाजार स्थिरावला होता. भाडेकरूला जपण्यासाठी केलेल्या कायद्याने नव्या भाडेकरूची वाट बंद केली, हे कटू असलं तरी खरं आहे. खर्चाधारित भाड्याच्या नेमकं उलट टोक. तिथे भाडं खर्चाबरोबर हलतं, इथे ते खर्चाकडे पाहतच नव्हतं.

सरकारी भाड्याच्या घरांचं दुसरं दुखणं वेगळं. ती भाड्याची राहत नाहीत. औद्योगिक कामगारांसाठी १९५२ची अनुदानित गृहयोजना आली, तिच्यातून आणि गृहनिर्माण मंडळाच्या इतर योजनांतून भाड्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. म्हाडाच्या काळात त्यातल्या बऱ्याच रहिवाशांच्या सोसायट्यांना मालकीने गेल्या. बीडीडी चाळींतल्या भाडेकरूंनाही पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतंय. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. चार पिढ्या १६० चौरस फुटांत काढलेल्यांनी ते घ्यावं, यात गैर काहीच नाही. पण मुंबईत आज पहिल्यांदा उतरणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वी सरकारने बांधलेली जी खोली कदाचित मिळाली असती, ती यादीतून कायमची गेली.

२००८ साली एमएमआरडीएने पुन्हा एकदा भाड्याच्या घरांचा घाट घातला. पाच वर्षांत पाच लाख घरांचं लक्ष्य होतं. बिल्डरला चार चटईक्षेत्र निर्देशांक द्यायचा आणि त्याबदल्यात त्याने १६० चौरस फुटांच्या खोल्या बांधून द्यायच्या. महिन्याचं भाडं ८०० ते १,५०० रुपये असणार होतं. बीडीडीला ऐंशीहून अधिक वर्षं लोटली तरी कामगाराच्या खोलीचं माप तेच राहिलं, यावर तेव्हा टीकाही झाली. पुढे योजना बदलली, घरं मोठी झाली आणि भाड्याचा मुद्दा मागे पडला. उभ्या राहिलेल्या काही इमारती प्रकल्पबाधितांसाठी आणि धोकादायक इमारतींतून काढलेल्यांसाठी संक्रमण शिबिर म्हणून वापरल्या गेल्या. पनवेलजवळच्या कोन गावातली २,४१७ घरं २०१६च्या सोडतीत गिरणी कामगारांना सहा लाखांना विकली. भाड्याचं घर सांभाळायला कायमची यंत्रणा लागते, महिन्याला पावती फाडावी लागते, नळ गळला तर माणूस पाठवावा लागतो. विकून टाकलं की सरकारचं काम संपतं.

मग आला २०२०चा टाळेबंदीचा उन्हाळा. सुरत, मुंबई, पुण्याहून माणसं पायी निघाली आणि शहराला आपल्या मजुरांचा पत्ताच ठाऊक नसल्याचं उघडं पडलं. त्याच वर्षी ८ जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली. तिचे दोन भाग होते. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात बांधून रिकामी पडलेली लाखभर सरकारी घरं दुरुस्त करून २५ वर्षांच्या कराराने चालवायला द्यायची, हा पहिला. खासगी वा सरकारी संस्थांनी आपल्या जमिनीवर नवी संकुलं बांधायची, हा दुसरा. पहिल्या भागात देशभरात वापरात आली जेमतेम ५,६४८ घरं. चंदीगड २,१९५, अहमदाबाद १,३७६, राजकोट ६९८ आणि सुरत ३९३. नंदुरबारचे हजारो लोक ज्या शहरात राबतात, त्याच्या वाट्याला तीनशे त्र्याण्णव.

बाकीची घरं का उघडली नाहीत? बरीचशी शहराच्या टोकाला, कामापासून लांब होती. काहींची दारं-खिडक्यासुद्धा राहिली नव्हती. १९२५ची वरळीच ती, नाव फक्त बदललेलं. या योजनेतलं भाडं ठरत होतं परिसरातल्या पाहणीवरून. आजूबाजूला खोली चार हजारांना जात असेल, तर तिच्या जवळपासचंच भाडं. इमारत मुळात सरकारी पैशातून उभी राहिली होती, तिचा खर्च किती फिटला, हा प्रश्न त्या पाहणीत येत नाही.

हिशोब करून पाहायला हरकत नाही. ३०० चौरस फुटांची खोली घेऊ, म्हणजे साधारण २८ चौरस मीटर. जमीन सरकारी आणि मोफत धरू. बांधकाम चौरस फुटाला २,००० रुपये धरलं तर सहा लाख लागतील. हे पैसे आठ टक्क्यांनी २५ वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता ४,६३०च्या घरात जातो. देखभाल, पाणी, झाडलोट, रखवाली यांचे ७०० धरले तर भाडं सव्वापाच हजारांच्या वर. हे झालं बाजारातलंच भाडं. आता तेच सहा लाख पाच टक्क्यांनी ४० वर्षांसाठी मिळाले, तर हप्ता २,९००वर येतो आणि भाडं ३,६०० होतं. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाचा दुसरा टप्पा १ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. त्यात नव्या भाड्याच्या संकुलांना चौरस मीटरमागे केंद्राचे ३,००० आणि राज्याचे २,००० रुपये अनुदान आहे. २८ मीटरला १ लाख ४० हजार. ते वजा केले तर भाडं २,९००पर्यंत उतरतं, म्हणजे दिवसाला शंभराच्या आत. विटा, सिमेंट, मजुरी यांत काहीच बदललं नाही. भाडं जवळजवळ अर्ध्यावर आलं ते व्याज, मुदत आणि अनुदान यांच्यामुळे. या तीनही गोष्टी सरकारच्या हातातल्या आहेत, बिल्डरच्या नाहीत. आपल्याकडच्या योजना अनुदानावर बरंच बोलतात. चाळीस वर्षांच्या स्वस्त कर्जावर फारसं बोलत नाहीत.

दुसऱ्या टोकाची सोयही गुजरातेत सुरू आहे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या सरकारने बांधकाम मजुरांसाठी श्रमिक बसेरा योजना काढली. तात्पुरत्या निवाऱ्यात माणशी दिवसाला पाच रुपये. या पाच रुपयांत खर्च निघणार नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. ती कल्याणकारी सोय आहे आणि कडियाकामाला गेलेल्याला तिचा आधारच होईल. पण जे खर्चात बसत नाही ते सरकारच्या मर्जीवर चालतं. पुढच्या अर्थसंकल्पात निधी कमी झाला की निवारे वाढायचे थांबतात. केरळात पालक्काडजवळ कंजिकोडला २०१९ मध्ये परप्रांतीय मजुरांसाठी 'अपना घर' हे ६२० खाटांचं वसतिगृह निघालं. तमिळनाडूत श्रीपेरंबुदूरजवळ १८,७२० महिला कामगारांसाठी ७०६ कोटींचं संकुल ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. म्हणजे खाटेमागे पावणेचार लाखांच्या आसपास खर्च. जिथे कारखानदाराला खात्रीने मजूर हवे असतात, तिथे पैसा सापडतो.

नंदुरबारच्या मुलांना भाड्याची मदत एका वेगळ्याच दाराने मिळते. आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यावर जेवणाचे आणि राहण्याचे पैसे टाकायचे. सुरुवातीच्या दरांनुसार जिल्ह्याच्या ठिकाणी राहण्यासाठी वर्षाला १२ हजार आणि मुंबई-पुण्यात २० हजार. महिन्याचे अनुक्रमे हजार आणि १,६६६ रुपये. पुण्यात या पैशात एकट्याची खोली सोडाच, चौघांच्या खोलीतली एक खाट मिळवायलाही खटपट करावी लागते. शिवाय घरमालक महिन्याच्या पाच तारखेला भाडं मागतो आणि योजनेचा हप्ता उशिराने येतो, ही विद्यार्थ्यांची जुनी तक्रार. खोल्या न वाढवता नुसते पैसे वाटले की त्यातला बराच भाग सरळ भाडेवाढीत जिरतो.

राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणात याची काहीशी जाणीव दिसते. २० मे २०२५ रोजी मंत्रिमंडळाने 'माझे घर, माझा अधिकार' हे धोरण मंजूर केलं. २०३० पर्यंत ३५ लाख घरं, ७० हजार कोटींची गुंतवणूक. औद्योगिक क्षेत्रात १० ते ३० टक्के जमीन कामगारांच्या निवासासाठी ठेवायची आणि नोकरदार महिला, विद्यार्थी, कामगार यांना भाड्याची घरं द्यायची, असं त्यात म्हटलं आहे. नंदुरबारजवळच्या भालेर एमआयडीसीत किंवा नवापूरच्या कापड कारखान्यांच्या परिसरात हे उतरलं, तर जिल्ह्यातल्या जिल्ह्यात काम करणाऱ्यांना सुरत गाठायची गरज थोडी कमी होईल. मात्र कामगारांच्या काही घरांसाठी दहा वर्षं भाड्याने राहून नंतर ती मालकीची करण्याचा मार्गही याच धोरणात ठेवलेला आहे. म्हणजे २०३५च्या सुमारास ही घरं पुन्हा यादीतून जायला लागतील आणि तेव्हाच्या विशीतल्या पोराला नव्याने रांगेत उभं राहावं लागेल.

उसतोड मजुराचं गणित याहून अवघड. तो दिवाळीनंतर जातो, मधे होळीला जमलं तर येतो, हंगाम संपला की परत. वर उल्लेखलेली २,९०० रुपयांची खोली वर्षभर भरलेली राहील असं धरून काढली आहे. ती सहाच महिने वापरली आणि सहा महिने कुलूपबंद राहिली, तर खर्च निघायला महिन्याला ५,८०० घ्यावे लागतील, आणि एवढं भाडं कुठलाही कोयता देऊ शकत नाही. कारखान्याने गाळपाच्या प्रत्येक टनामागे काही रुपये बाजूला काढले तर हा फरक भरून निघू शकतो. कापसाच्या गाठीवरचा एक रुपया याच जातीचा होता. पण त्याआधी एक अडचण आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचं शहरी अनुदान नगरपालिका-महापालिकांच्या क्षेत्रात मिळतं आणि पडाव पडतात खेड्यांच्या शिवारात. ग्रामीण घरकुल तर मजुराच्या स्वतःच्या गावी, एकदाच मिळतं, आणि धानोऱ्याकडच्या कुटुंबाने ते घेतलेलं आहे. बारडोलीच्या शिवारात तोडकऱ्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधायचा प्रस्ताव कोणी उद्या तयार केलाच, तर तो गुजरातच्या की महाराष्ट्राच्या, नगरविकासाच्या की ग्रामविकासाच्या टेबलावर ठेवायचा, हे या दोन्ही योजनांत कुठेही लिहिलेलं नाही.